सच्छिद्र कार्बन, वायूसाठा आणि उष्णतावाहकता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्बनमध्ये मिथेन आणि हायड्रोजन साठवणे हेच माझे काम असल्यामुळे विद्यार्थी, टाक्यांचे आराखडे करणारे अभियंते आणि कार्बन बनवणारे लोक मला सारखे प्रश्न पाठवतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतले आहेत. बहुतेकांच्या मुळाशी एकच समजूत असते, की उष्णतावाहकता हा कार्बनचा अंगचा गुण आहे आणि तो तक्त्यात पाहून घ्यावा. टाकीत उपयोगी पडणारा आकडा असतो तो भरलेल्या बेडचा, म्हणजे टाकीतल्या कार्बनच्या सगळ्या थराचा. दाणे, त्यांच्यामधली पोकळी, पोकळीतला वायू, दाबून बसवण्याची दिशा आणि ओल, सगळे त्यात येते.

वाहकतेचे सगळे आकडे वॅट प्रति मीटर-केल्विन या एककात आहेत. एकक दर वेळी लिहिलेले नाही.

१. कार्बन तर टाकीतली जागा अडवतो. मग कार्बन भरलेल्या टाकीत जास्त वायू मावतो कसा?

जागा अडवतो हे खरेच. पण चांगल्या ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या एका ग्रॅममध्ये १००० ते ३००० चौरस मीटर पृष्ठभाग असतो आणि तो बहुतेक २ नॅनोमीटरपेक्षा अरुंद छिद्रांत दडलेला असतो. इतक्या अरुंद फटीत शिरलेल्या रेणूला दोन्ही बाजूंच्या भिंती धरून ठेवतात, त्यामुळे तिथे वायूची घनता बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट वाढते. हे अधिशोषण. शोषण वेगळे, त्यात रेणू पदार्थात विरघळतो.

नैसर्गिक वायू नुसता दाबून भरायचा तर २०० ते २५० बार दाब लागतो. अधिशोषणाच्या टाक्या साधारण ३५ बारवर चालवतात. तेवढ्याच दाबाच्या रिकाम्या टाकीपेक्षा त्यांत तिप्पट-चौपट वायू मावतो. दाब कमी, म्हणून भिंत पातळ चालते, कॉम्प्रेसर साधा चालतो आणि टाकीला हवा तो आकार देता येतो.

२. यात उष्णतेचा संबंध कुठे येतो?

रेणू भिंतीला चिकटताना ऊर्जा सोडतो. मिथेनसाठी दर मोलला साधारण १५ ते २० किलोज्यूल, कार्बन डायऑक्साइडसाठी २० ते ३०, हायड्रोजनसाठी ४ ते ७.

एक साधा हिशेब करून पाहा. एक किलो कार्बनने १५० ग्रॅम मिथेन धरला, म्हणजे सुमारे ९.४ मोल. दर मोलला १६ किलोज्यूल धरले तर १५० किलोज्यूल उष्णता सुटते. कार्बन आणि त्यात धरलेला वायू मिळून उष्णताधारकता अंदाजे १.३५ किलोज्यूल प्रति केल्विन. उष्णता बाहेर गेलीच नाही, तर तापमान शंभराहून जास्त अंशांनी चढायला हवे. प्रत्यक्षात इतके चढत नाही, आणि त्याचे कारणच आपली अडचण आहे: कार्बन तापला की वायू धरत नाही. टाकी ३५ बार दाखवते, भरणे थांबते, आणि आत मात्र ठरलेल्यापेक्षा कमी वायू असतो. रात्रभर ठेवून सकाळी पाहिले तर दाब खाली आलेला दिसतो. कुठे गळती आहे का, अशी विचारणा मला अनेकदा झाली आहे. बहुतेक वेळा गळती नसते. बेड निवलेला असतो आणि मोकळ्या जागेतला वायू त्याने ओढून घेतलेला असतो.

३. ॲक्टिव्हेटेड कार्बनची उष्णतावाहकता नक्की किती?

दाणेदार कार्बन नुसता ओतून भरला, तर बेडची वाहकता साधारण ०.१ ते ०.३. बारीक पूड असेल तर यातली खालची बाजू धरा. बाइंडर (दाणे चिकटवून धरणारा पदार्थ) घालून दाबलेली वडी असेल तर ती वर सरकते, पण वेगळे काही मिसळल्याशिवाय १ च्या पुढे क्वचितच जाते. तुलनेसाठी : स्थिर हवा ०.०२६, पाणी ०.६, तांबे सुमारे ४००. म्हणजे भरलेला कार्बन उष्णता रोखणाऱ्या पदार्थांच्या पंगतीला बसतो.

कुणी 'आमच्या कार्बनची वाहकता अमुक' असे सांगितले, तर चार गोष्टी विचारा: किती घनतेला भरला, कोणत्या वायूत, कोणत्या तापमानाला, आणि आधी वाळवला होता का. यांतली एक जरी गोष्ट कळली नाही, तरी तो आकडा हिशेबात घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

४. ग्रॅफाइटही कार्बनच. ते इतके उत्तम वाहक, मग हा इतका मंद का?

ग्रॅफाइटच्या पापुद्र्याच्या प्रतलात वाहकता १५०० ते २००० पर्यंत जाते. त्याच स्फटिकात पापुद्र्यांच्या आडव्या दिशेला ती १० च्या खाली येते. कार्बनमध्ये उष्णता मुख्यतः अणूंच्या जाळ्याच्या कंपनलहरींनी वाहते, आणि लहर न अडखळता जितकी दूर जाईल तितकी वाहकता जास्त. ॲक्टिव्हेटेड कार्बनमधले पापुद्रे जेमतेम एक-दोन नॅनोमीटरचे, वाकडेतिकडे आणि कडांना तुटलेले असतात. लहर निघते न निघते तोच कडा येते.

हीच मोडतोड छिद्रे घडवते. पापुद्रे नीट एकावर एक बसले असते तर मधे वायूला जागाच उरली नसती. साठवण आणि वाहकता एकाच दाण्यात एकमेकींच्या विरोधात उभ्या असतात. म्हणून दोन्ही गुण एकाच दाण्यात शोधण्यापेक्षा दोन पदार्थांत वाटून देणे हा मला शहाणपणाचा मार्ग वाटतो (प्रश्न ८).

५. बेडमधून उष्णता जाते तरी कुठून? दाण्यांतून की वायूतून?

दोन्हींतून, एकाआड एक. दाणा दाण्याला टेकतो तो अगदी टिचभर जागेत. तेवढ्या टेकणीतून फार थोडी उष्णता पलीकडे जाते. टेकणीच्या भोवती एक निमुळती फट असते आणि तिथला वायू बरेचसे काम करतो. त्यामुळे तोच बेड वेगवेगळ्या वायूंत वेगळी वाहकता दाखवतो. खोलीच्या तापमानाला हायड्रोजनची वाहकता ०.१८, हेलियमची ०.१५, मिथेनची ०.०३४, नायट्रोजनची ०.०२६, आर्गॉनची आणि कार्बन डायऑक्साइडची त्याहून कमी. हेलियममध्ये मोजलेला आकडा मिथेनच्या टाकीला लावला की हिशेब फसलाच.

दाण्याच्या आतल्या छिद्रांची गोष्ट निराळी. एक वातावरण दाबाला हवेचा रेणू दुसऱ्याला धडकण्याआधी साधारण ७० नॅनोमीटर जातो. एक-दोन नॅनोमीटरच्या छिद्रात तो दुसऱ्या रेणूला भेटतच नाही, भिंतीवरून भिंतीवर आपटत राहतो. मोकळ्या हवेसारखे वहन तिथे जवळजवळ शून्य असते. बाहेरच्या, दाण्यांमधल्या पोकळ्या मात्र शेकडो मायक्रोमीटरच्या असतात. तिथे दाब १ बारवरून ३५ वर नेला तरी वायूची वाहकता फारशी हलत नाही. पोकळ्या निर्वात केल्या तर मात्र ही वाहकता कोसळते. वायू काढून टाकलेला बेड तापवायला बसाल तेव्हा हे अनुभवाला येते: हीटर पोळतो आणि मधला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ढिम्म असतो.

६. वाहकता कमी असली तर प्रत्यक्षात किती वेळ लागतो?

२० सेंटीमीटर व्यासाचा लांब सिलिंडर घ्या. घनता ५०० किलो प्रति घनमीटर, विशिष्ट उष्णता १००० ज्यूल प्रति किलो-केल्विन, वाहकता ०.२. बाहेरची भिंत थंड पाण्यात ठेवली असे धरू. मधल्या भागाचे तापलेपण एक दशांशावर यायला सुमारे ३ तास २० मिनिटे लागतात. बाकी सगळे तेच ठेवून वाहकता ५ केली की हाच वेळ ८ मिनिटांवर येतो.

हा हिशेब सौम्य आहे. बेड निवतो तसा आणखी वायू धरतो, आणि धरताना पुन्हा तापतो. खरा वेळ याहून जास्तच. वेळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतो, हेही लक्षात असू द्या: व्यास अर्धा केला तर वेळ चौथाई होतो. वाहकतेमागे धावण्याआधी नळ्या बारीक करता येतील का, हे बघावे. पण दहा बारीक नळ्यांच्या भिंतींचे वजन एका जाड सिलिंडरपेक्षा जास्त भरते का, हेही तेव्हाच तपासावे.

७. तोच कार्बन भट्टीत तापवून ग्रॅफाइट का करू नये?

पुष्कळ जण विचारतात. दोन अडचणी आहेत. २५०० ते ३००० अंश सेल्सिअसला पापुद्रे सरळ होऊ लागतात खरे, पण त्याच ओघात अरुंद छिद्रे मिटतात आणि वायू धरण्याची जागा जाते. दुसरी अडचण अशी की सगळे कार्बन ग्रॅफाइट होतच नाहीत. रोझालिंड फ्रँकलिन यांनी १९५१ साली कार्बनचे ग्रॅफाइट होणारे आणि न होणारे असे दोन वर्ग क्ष-किरणांच्या अभ्यासातून दाखवून दिले. करवंटीपासून केलेला कार्बन दुसऱ्या वर्गातला. त्याला ३००० अंशांपर्यंत नेले तरी तो खरे ग्रॅफाइट होत नाही, छिद्रे मात्र गमावतो.

८. फुगवलेले ग्रॅफाइट मिसळायला सांगतात. ते काय असते, किती घालायचे, आणि आमच्या वडीत फरक का पडला नाही?

नैसर्गिक ग्रॅफाइटच्या पातींत सल्फ्युरिक ॲसिडसारखे आम्ल शिरवतात आणि पाती एकदम ९०० अंशांच्या आसपास तापवतात. आतल्या आम्लाची वाफ होऊन पापुद्रे ढकलले जातात आणि पाती अळीसारखी लांब फुगते, मूळ आकारमानाच्या शेकडो पट. हातात घेतले तर वजन कळत नाही, फुंकर मारली तर उडून जाते. चिमटीत दाबले की मात्र कण एकमेकांत अडकतात आणि बाइंडरशिवाय चमकता पापुद्रा तयार होतो. याच गुणामुळे ते कामाचे आहे. वडीत त्याचे सलग जाळे बनते आणि उष्णतेला कार्बनच्या दाण्यांना वळसा घालून धावायला वाट मिळते.

जाळे सलग असणे हेच मर्म. ग्रॅफाइटची बेटे सुटी राहिली तर वाहकता थोडीशीच वाढते. बेटे एकमेकांना टेकू लागतात त्या प्रमाणापुढे ती झपाट्याने चढते. फरक न पडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण मिसळण्यात असते. मिक्सर जोरात फिरवला की अळ्या तुटतात, त्यांची भुकटी होते आणि लांब धागाच उरत नाही. हलक्या हाताने, भांडे आडवे लोळवून मिसळा. कार्बनचे दाणे फार मोठे असले तरी जाळे फाटते.

दुसरे कारण दिशा. एका बाजूने दाबलेल्या वडीत पापुद्रे दाबाच्या दिशेला आडवे निजतात. निजलेल्या प्रतलात वाहकता ५, १०, कधी २० च्याही पुढे जाते. दाबाच्या दिशेने मात्र ती याच्या कितीतरी खाली राहते. सिलिंडरसाठी वडी अक्षाच्या दिशेने दाबली की पापुद्रे त्रिज्येच्या दिशेने पसरतात आणि उष्णता भिंतीकडे जाते. हवे ते हेच. पण प्रयोगशाळेत पुष्कळदा वडीच्या वरच्या तोंडापासून खालच्या तोंडापर्यंत, म्हणजे दाबाच्या दिशेने मोजणी होते आणि 'ग्रॅफाइट घालून उपयोग झाला नाही' असा निष्कर्ष निघतो. वडी बाद करण्याआधी तिचा तुकडा कापून पापुद्रे निजलेल्या दिशेनेही मोजा.

किती घालायचे? ग्रॅफाइट स्वतः जवळजवळ काहीच साठवत नाही. आकारमानाने दहा टक्के घातले तर साठवणाऱ्या पदार्थाला साधारण तेवढीच जागा कमी मिळते. भरायला पाच मिनिटे मिळणार असतील तर हे नुकसान सोसणे परवडते. रात्रभर भरायचे असेल तर नाही. ठराविक टक्का सांगा असा आग्रह धरणाऱ्यांना मी भरण्याचा वेळ आणि टाकीची त्रिज्या विचारतो. त्याशिवाय टक्का सांगणे म्हणजे अंधारात दगड मारणे आहे.

९. त्याऐवजी तांब्याची पूड, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या किंवा कार्बन नॅनोट्यूब?

तांब्याची पूड नको. तिचे सुटे कण प्रश्न ८ मधल्या बेटांसारखेच, वर जड. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या किंवा जाळीदार फेस चालतो, कारण धातू भिंतीपर्यंत सलग जातो. पट्टी भिंतीला घट्ट टेकली पाहिजे आणि दोन पट्ट्यांमधले अंतर कमी हवे, नाहीतर मधला कार्बन पुन्हा एकटा पडतो.

नॅनोट्यूबचे आकडे मोहात पाडतात. सुट्या नळीची वाहकता हजारांत मोजली गेली आहे. पण उष्णतेला एका नळीतून दुसरीत उडी मारावी लागते, आणि प्रत्येक सांध्यावर अडथळा असतो. विस्कटलेल्या नळ्यांच्या ढिगाची वाहकता सुट्या नळीच्या आसपासही जात नाही.

१०. ग्रॅफाइटच्या फेसाची वाहकता शंभरावर असते असे वाचले. तोच टाकीत का भरू नये?

आकडा खरा आहे. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९९० च्या दशकाच्या अखेरीस डांबरजन्य पिचपासून असा फेस तयार झाला. हलका असूनही त्याची वाहकता शंभराच्या पुढे जाते. पण त्याची छिद्रे शेकडो मायक्रोमीटरची असतात. एवढ्या मोठ्या पोकळीत भिंतीची ओढ रेणूपर्यंत पोचत नाही, म्हणून अधिशोषण जवळपास होतच नाही. उष्णता वाहणारा सांगाडा म्हणून तो उत्तम. त्याच्या पोकळ्यांत ॲक्टिव्हेटेड कार्बन भरावा लागतो.

'सच्छिद्र' हा एकच शब्द फेसालाही लागतो आणि करवंटीच्या कार्बनलाही. म्हणून छिद्रांचे माप विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. कार्बन एरोजेल याच्या उलट टोकाला आहे: छिद्रे बारीक, सांगाडा विरळ, वाहकता इतकी कमी की त्याचा वापर उष्णतारोधक म्हणूनही होतो.

११. वाहकता मोजायची कशी? दोन पद्धतींनी दोन उत्तरे येतात.

पूड आणि दाण्यांसाठी गरम तारेची किंवा गरम चकतीची पद्धत सोयीची. वड्यांसाठी लेझर फ्लॅश, जी पार्कर आणि सहकाऱ्यांनी १९६१ साली मांडली. लेझर फ्लॅश थेट वाहकता देत नाही, विसरणशीलता देते, म्हणजे तापमानातला बदल पदार्थात किती वेगाने पसरतो ते. तिला घनतेने आणि विशिष्ट उष्णतेने गुणावे लागते. विशिष्ट उष्णता तक्त्यातल्या ग्रॅफाइटची घेतली तर चूक तिथेच घुसते. भरड, भोकाभोकांच्या वडीत लेझरचा झोत पृष्ठभागाखाली शिरतो, तोही घोळ असतो.

गरम चकती दोन्ही दिशांची सरमिसळ मोजते. प्रश्न ८ मधल्या वडीसाठी दिशा वेगळ्या करणारी मांडणी निवडा.

आणि ओल. कार्बन हवेतून पाणी ओढतो, आणि पाण्याची वाहकता कोरड्या बेडपेक्षा जास्त. सुरुवातीच्या काळात मी एकच नमुना पावसाळ्यात आणि कोरड्या दिवसांत मोजला आणि त्यांतला फरक साच्याच्या दाबामुळे आला असे समजून बरेच दिवस दाब बदलत बसलो. खरे कारण वजनकाट्यावर दिसले: पहिला नमुना जड होता. तेव्हापासून मोजणीआधी निर्वातात, पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर वाळवणे आणि आधी-नंतर वजन करणे हा माझ्याकडे न मोडणारा नियम आहे.

१२. बेडची वाहकता दहापट केली, तरी टाकी तेवढीच तापते. काय चुकले?

बहुधा भिंत. वडी साच्यातून निघताना थोडी फुगते, टाकीत सरकावी म्हणून ती घासून लहान करतात, आणि वडी व धातू यांच्यात केसाएवढी फट राहते. बेडची वाहकता ०.२ होती तेव्हा ही फट कुणाच्या खिजगणतीत नव्हती, कारण मुख्य अडथळा आत होता. आता तीच मुख्य अडथळा झाली. फटीत मिथेन असतो, वाहकता ०.०३४. वडी घट्ट बसवा, किंवा टाकीतच दाबा. आणि भिंतीच्या बाहेर नुसती स्थिर हवा असेल तर आधी बाहेरचा बंदोबस्त करा.

१३. वायू बाहेर काढताना हीच अडचण येते का?

येते, उलट्या बाजूने. रेणू सुटताना उष्णता मागतो, बेड थंड पडतो आणि थंड कार्बन वायू सोडायला नाखूश असतो. टाकी 'रिकामी' दिसते तेव्हाही आत वायू शिल्लक असतो. वाहनात काढण्याचा वेग भरण्याच्या वेगापेक्षा पुष्कळ मंद असतो, म्हणून त्रास कमी. शिवाय इंजिनची वाया जाणारी उष्णता टाकीकडे वळवता येते.

१४. हायड्रोजनसाठी ७७ केल्विनला (उणे १९६ अंश सेल्सिअस) हेच नियम लागू?

तत्त्व तेच, आकडे वेगळे. हायड्रोजनची अधिशोषण-उष्णता दर मोलला कमी (प्रश्न २), पण त्या तापमानाला कार्बनची उष्णताधारकताही खूप घसरते, म्हणून थोडी उष्णतासुद्धा तापमान चढवते. अस्ताव्यस्त रचनेच्या कार्बनची वाहकता थंडीत कमी होते. हायड्रोजन वायूचीही कमी होते. खोलीच्या तापमानाला मोजलेला आकडा इथे आणू नका.

१५. वाहकता न वाढवता चालणार नाही का?

चालते. भरताना वायू बेडमधून फिरवून बाहेर काढायचा, थंड करायचा आणि पुन्हा आत सोडायचा. उष्णता मग वायूबरोबर वाहून जाते आणि बेडची वाहकता दुय्यम ठरते. त्यासाठी बेडमधून वायू सहज वाहिला पाहिजे, आणि घट्ट दाबलेली वडी तिथे आडवी येते. तिला मधून भोके ठेवावी लागतात. दाणेदार बेडला हा उपाय शोभतो.

१६. वायू भरलेल्या नमुन्यावर मोजले तर आकडे दर वेळी वेगळे येतात. नमुना खराब झाला का?

बहुधा नमुना ठीक असतो. तापवून मोजण्याच्या प्रत्येक पद्धतीत आपण नमुन्याला थोडी उष्णता देतो. त्या उष्णतेने थोडा वायू सुटतो आणि सुटताना ती उष्णता खाऊन टाकतो. नमुन्याची उष्णताधारकता वाढल्यासारखी दिसते, विसरणशीलता घटल्यासारखी. जलद मोजणीत वायूला सुटायला वेळ मिळत नाही, सावकाश मोजणीत मिळतो, म्हणून वेळ बदलला की उत्तर बदलते. आधी त्याच दाबाला हेलियममध्ये मोजा, कारण खोलीच्या तापमानाला तो कार्बनला जवळजवळ चिकटत नाही. तिथे आकडे स्थिर आले तर नमुना आणि यंत्र दोन्ही शाबूत आहेत. मग मिथेनमध्ये तापमानाची उडी कमीत कमी ठेवून, दर वेळी सारखाच कालावधी घेऊन मोजा, आणि आकड्याशेजारी तो कालावधी लिहा.